समजा, जेवायला क्ष माणसे आहेत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा निरोप आला, तेव्हा सहली, स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धा यांवर लिहिणारे पुष्कळजण असतील हे गृहीत धरून मी नववी-दहावीतल्या बीजगणिताच्या तासाविषयी, आणि त्यातही केवळ शाब्दिक उदाहरणांविषयी लिहायचे ठरवले. १९८३ साली एस.एस.सी. झालेल्या आमच्या तुकडीतील बहुतेकांना अवयव पाडता येत, समीकरणही सोडवता येई. परंतु तेच समीकरण चार ओळींच्या मजकुरात दडवून ठेवले की निम्मा वर्ग वहीत ‘समजा’ एवढा एकच शब्द लिहून खिडकीबाहेरच्या गिरणीच्या चिमणीकडे पाहत बसे.

आमच्या सरांचे निदान वेगळे होते. तुमचे गणित बरे आहे, मराठी कच्चे आहे, असे ते म्हणत. त्यामुळे शाब्दिक उदाहरण फळ्यावर आले की पहिली पाच मिनिटे पेन हातात धरायला बंदी असे. उदाहरण दोनदा मोठ्याने वाचायचे, आणि मग ‘पट’, ‘ने’ आणि ‘पेक्षा’ हे तीन शब्द कोठे कोठे आले आहेत ते बोट ठेवून दाखवायचे. ‘तिप्पट’ म्हणजे गुणाकार, ‘तीनने जास्त’ म्हणजे बेरीज, आणि ‘तिपटीपेक्षा पाचने कमी’ असे म्हटले की आधी तिप्पट करायची आणि मग पाच वजा करायचे. वाक्यात शब्द ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने चिन्हे येतीलच असे नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की आजही वर्तमानपत्रात ‘तिपटीने वाढ’ असे वाचले, की मूळ संख्येची तिप्पट झाली की मुळात तिप्पट भर पडून चौपट झाली, असा प्रश्न माझ्या मनात उभा राहतोच. बातमीदाराला तो पडलेला दिसत नाही.

एके दिवशी त्यांनी अगदी साधे वाक्य सांगितले: ‘या वर्गात एका बाकावर तीन विद्यार्थी बसतात.’ विद्यार्थ्यांची संख्या व आणि बाकांची संख्या ब मानून समीकरण लिहा, असे म्हणून ते दाराशी जाऊन उभे राहिले. आम्ही जवळजवळ सर्वांनी ३व = ब असे लिहिले, कारण वाक्यात तीन आणि विद्यार्थी शेजारी शेजारी होते. सरांनी काही न बोलता बाक मोजायला लावले, ते सोळा भरले. मग विद्यार्थी मोजायला लावले, ते अठ्ठेचाळीस भरले. आणि आमच्या समीकरणात ४८ घालून बाक किती होतात ते विचारले. एकशे चव्वेचाळीस बाक त्या खोलीतच काय, सगळ्या मजल्यावरही मावले नसते. चूक अशी होती की आम्ही ‘व’ म्हणजे ‘विद्यार्थी’ असे वाचत होतो, ‘विद्यार्थ्यांची संख्या’ असे नाही. तेव्हापासून ‘समजा, बाक = ब’ असे लिहिले की अर्धा गुण जात असे. ‘समजा, बाकांची संख्या = ब’, ‘समजा, गाडीचा वेग = ताशी क्ष किमी’, असे एककासह पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय पुढची ओळ ते तपासतच नसत.

अंकांच्या अदलाबदलीची उदाहरणे मराठी मुलांना थोडी अधिक छळतात, असे माझे मत आहे. आपण बोलताना एकक आधी उच्चारतो आणि दशक नंतर. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात आणि साठ मागून. त्यामुळे दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असलेली संख्या १०क्ष + य अशी मांडायची, हे कळूनही हात अडखळतो. सरांनी यावर दिलेले उदाहरण मात्र कोणी विसरणे शक्य नाही. दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे आणि अंकांची अदलाबदल केल्यास संख्या २७ ने वाढते, तर मूळ संख्या कोणती? दुसऱ्या अटीतून ९(य − क्ष) = २७, म्हणजे य − क्ष = ३ मिळते, पहिली अट क्ष + य = ९ अशी आहेच, आणि उत्तर ३६ येते. उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांनी शेजारी ६३ लिहिले. छत्तीसच्या आकड्यात तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले असतात, आणि अदलाबदल केली की तेच दोघे समोरासमोर येतात! त्या दिवशी वर्गात एकमेकांशी अबोला धरलेली दोन मुले होती, आणि उदाहरण त्यांच्यासाठीच निवडले होते की काय, हे आम्हांला कधी कळले नाही.

गाडीच्या उदाहरणांत पुस्तकातली गाडी नेहमी ‘अ’ गावाहून ‘ब’ गावाला जात असे. सरांनी ती व्ही.टी.हून ठाण्याला नेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ज्या ठाण्याला गेली तेच हे ३४ किलोमीटर. उदाहरण असे होते: फास्ट गाडीचा सरासरी वेग स्लो गाडीपेक्षा ताशी १७ किमी जास्त आहे आणि ती ठाण्याला २० मिनिटे आधी पोहोचते, तर स्लो गाडीचा वेग किती? निम्म्या वर्गाने वजाबाकीपुढे सरळ २० लिहिले, आणि वेग तासात, तर वेळ मिनिटांत, अशी खिचडी करून ठेवली. वीस मिनिटे म्हणजे तासाचा एक तृतीयांश हे लक्षात आल्यावर ३४/क्ष − ३४/(क्ष + १७) = १/३ असे समीकरण होते, त्यातून क्ष² + १७क्ष − १७३४ = ० मिळते, आणि अवयव पाडले की क्ष = ३४ किंवा क्ष = −५१ येते. म्हणजे स्लो गाडीला एक तास आणि फास्ट गाडीला चाळीस मिनिटे, जे गाड्या वेळेवर असल्या तर आमच्या रोजच्या अनुभवाशी बरेचसे जुळत होते.

वेग ऋण असू शकत नाही म्हणून −५१ सोडून द्यायचे, ही ओळ आम्ही पाठ केलेली होती. सरांना ती घाई आवडत नसे. त्यांनी −५१ ही किंमत समीकरणात घालून दाखवली, तर उणे दोन तृतीयांश अधिक एक, म्हणजे बरोबर एक तृतीयांश आले. समीकरण तंतोतंत खरे ठरले होते. त्यात पुन्हा ५१ हा तर फास्ट गाडीचाच वेग, फक्त उलट्या दिशेचा. समीकरणाला स्टेशन ठाऊक नसते, दिशा ठाऊक नसते, ते फक्त आपण घातलेली अट पाळते, आणि म्हणून ताळा समीकरणात न पाहता मूळ मजकुरात पाहायचा, असा त्यांचा नियम होता. समीकरण मांडतानाच चूक झाली असेल तर चुकीच्या समीकरणाचा ताळाही बिनचूक जुळतो.

नळ आणि टाकीच्या उदाहरणांविषयी फार लिहीत नाही. एक नळ टाकी चार तासांत आणि दुसरा सहा तासांत भरतो, तर दोन्ही मिळून किती वेळात भरतील, याचे उत्तर सरासरी काढून पाच तास असे देणाऱ्यांत मीही होतो. दुसरा नळ सोडल्यावर पहिल्याला एकट्यापेक्षा जास्त वेळ कसा लागेल, एवढ्या एका प्रश्नाने ते उत्तर कोसळले आणि दोन तास चोवीस मिनिटे जागेवर आली. आमच्या चाळीत पहाटे पाणी येई तेव्हा तळमजल्यावरचा नळ धो धो वाहायचा आणि तिसऱ्या मजल्यावरचा नुसता फुसफुसायचा, हे पुस्तकातल्या टाकीला माहीत नव्हते.

अज्ञात राशी म्हणून काय धरायचे, हा मात्र त्यांचा खरा आवडीचा विषय. त्यासाठी त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले भुंग्यांचे उदाहरण घेतले. भुंग्यांच्या एका थव्याच्या निम्म्याच्या वर्गमुळाइतके भुंगे मालतीच्या वेलीकडे गेले, थव्याचे आठ नवमांश भुंगेही मागोमाग गेले, आणि उरलेल्या जोडीपैकी एक कमळात अडकून गुंजारव करतो, तर भुंगी बाहेरून त्याला साद देते. तर भुंगे किती? थवा क्ष मानला की वर्गमूळ मानगुटीवर बसते. सरांनी थवा २क्ष² मानला. निम्म्याचे वर्गमूळ क्ष झाले, करणी गेली, आणि २क्ष² − ९क्ष − १८ = ० असे साधे वर्गसमीकरण उरले. त्याची एक उकल ६ आणि दुसरी उणे दीड. दीड भुंगा, तोही उणे, म्हणून थवा ७२ चा. ज्या राशीची विचारणा झाली आहे तिलाच क्ष म्हटले पाहिजे असे नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. आपले पूर्वज अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि एकाहून अधिक अज्ञात असतील तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत, हे ऐकल्यावर आम्ही काही दिवस वहीत क्ष आणि य ऐवजी का आणि नी लिहिले. पुढे राणीच्या बागेला वर्गाची सहल गेली तेव्हा सरांनी वाघ-सिंहांकडे वळण्याआधी सर्वांना शेजारच्या संग्रहालयासमोर उभे करून सांगितले की, ज्यांचे नाव या वास्तूला १९७५ साली दिले त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीच चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख उजेडात आणला, आणि भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्या लेखात आहे. शाळेच्या स्थापनेची नोंद दगडावर कोरण्याची ती कल्पना आमच्या महोत्सव समितीने मनावर घ्यायला हरकत नाही.

नववीत असताना संक्रांतीनंतर सरांनी प्रत्येकाला स्वतःच्या घरातले एक शाब्दिक उदाहरण तयार करून आणायला सांगितले. अट एवढीच की त्यातले आकडे खरे असावेत. माझे वडील गिरणीत साचा खात्यात होते आणि आई गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांसाठी घरीच खाणावळ चालवीत असे. मी तिच्या हिशेबाच्या वहीतले दोन महिने घेतले. बारा माणसे जेवायला होती तेव्हा खर्च ११४० रुपये झाला आणि पंधरा होती तेव्हा १३८०. माणशी खर्च क्ष रुपये आणि माणसे कितीही असली तरी न बदलणारा खर्च, म्हणजे जागेचे भाडे आणि भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार मिळून य रुपये मानले, तर १२क्ष + य = ११४० आणि १५क्ष + य = १३८० अशी एकसामयिक समीकरणे होतात. एकातून दुसरे वजा केले की क्ष = ८० आणि य = १८० मिळतात. आई माणशी ९५ रुपये घेत असे. म्हणजे दर माणसामागे पंधरा रुपये सुटत, आणि ठराविक १८० रुपये भरून निघायला बरोबर बारा माणसे लागत.

हे उत्तर मी मोठ्या ऐटीत आईला सांगितले. ती पीठ मळत होती. बारावर हाती काही उरत नाही आणि तेरावा आला की पंधरा रुपये सुटतात, हे तिला माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होते. तिने ते फक्त कधी लिहून ठेवले नव्हते.

पण तोवर १८ जानेवारी १९८२ उजाडून गेली होती. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, भोंगे थांबले, आणि आमच्याकडे जेवणारे एकेक करून एस.टी.ने गावाकडे निघून गेले. फेब्रुवारीत सातजण उरले. मी उदाहरणाला दुसरा भाग जोडला: सात माणसे असतील तर महिन्याचा तोटा किती? १८० वजा १०५, म्हणजे ७५ रुपये. सरांनी वही वाचून हळूच विचारले, ते सातजण पैसे देतात का? त्यातले पाचजण उधारीवर जेवत होते, आणि त्यांना जेवायला घालू नये असे आमच्या घरात कोणाच्याही मनात येत नव्हते. माझे समीकरण बरोबर होते. त्यात घातलेली अट खोटी होती. सरांनी ते उदाहरण वर्गासमोर घेतले नाही, आणि त्या काळात घरच्या पगारावर बेतलेले एकही उदाहरण त्यांनी फळ्यावर लिहिले नाही. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक घरात ती राशी त्या वेळी शून्य होती.

वही परत मिळाली त्या रात्री आईने ती मागून घेतली. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण आकडे तिला पटकन कळत. भाडे, किराणा, रॉकेल, भांडीवाल्या बाई, असे एकेक पद तिने मला वाचून दाखवायला लावले, आणि सगळे संपल्यावर म्हणाली, “आणि मी पहाटे चारला उठते, ते कुठं मांडलंस?”

ते कोठेच मांडलेले नव्हते. मी दुसऱ्या दिवशी उदाहरणाखाली ‘समजा, आईची महिन्याची मजुरी = म रुपये’ असे एककासह पूर्ण वाक्य लिहिले आणि वही पुन्हा सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी तांबड्या शाईने शेरा दिला: “अज्ञात राशी योग्य. एक अट कमी पडते. आईंना विचारून लिहिणे.”

मी विचारले. हातातली भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, “तू आधी दहावी पास हो, मग बघू.”

(माजी विद्यार्थी, एस.एस.सी. १९८३)