इटलीची शिष्यवृत्ती आणि तहसीलदारांचा दाखला

आज दिवसभर इटलीला निघालेल्या मुलांची कागदपत्रं तपासत होतो. तिथल्या सरकारी विद्यापीठांत प्रादेशिक शिष्यवृत्ती गुणांपेक्षा आधी घरची परिस्थिती बघून मिळते. मिळाली की फी माफ, वर रोख रक्कम. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी याहून चांगली वाट मला तरी दिसत नाही.

पण गाडी अडते ती आपल्याच कागदांवर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एप्रिल ते मार्चचा असतो, इटलीवाल्यांना उत्पन्न जानेवारी ते डिसेंबरचं हवं, तेही दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे २०२६ च्या प्रवेशाला २०२४ चं. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं लागतं. आई कमावत नसेल तर तसं लेखी द्यायचं. बँकेतली शिल्लक ३१ डिसेंबरची.

सगळ्यात घातक चूक घराच्या क्षेत्रफळाची. परदेशातलं घर ते चौरस मीटरला ५०० युरो धरतात. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, २८,००० युरो. एकक न लिहिता नुसतं ६०० गेलं तर तेच घर ३ लाख युरोचं होतं आणि अर्ज बाद! ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचा आकडा चौरस मीटरमध्ये नीट बदलून घ्या.

मग अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणूनचा सरकारी शिक्का) आणि इटालियन भाषांतर, त्याला आठवडे जातात. शिष्यवृत्तीचे पैसे मुलं तिथे पोहोचल्यावर काही महिन्यांनी हप्त्यांत येतात, त्यामुळे व्हिसासाठी आणि सुरुवातीच्या भाड्यासाठी रक्कम आधीच हाताशी हवी. पहिल्या वर्षी १० ऑगस्टपर्यंत २० क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे अभ्यासाचे गुणांक) झाले नाहीत तर पुढचा हप्ता अडकतो.