चालीवर इंग्रजी शब्द बसवताना: शूमान झाला, शूबर्ट अडला

मागच्या नोंदीत जर्मन संगीतकार शूमानच्या 'डिश्टरलीबं' (कवीचं प्रेम) या गीतमालिकेतलं पहिलं गाणं अर्धवट राहिलं होतं, ते आता इंग्रजीत गाण्याजोगं झालंय. शूबर्टच्या 'लिंडेनबाउम' (लिंडेनचं झाड) या गाण्याची झिल्शरने साधी केलेली मांडणी आहे, तिची तिन्ही कडवी चार आवाजांवर बसली आणि आमच्या छोट्या वृंदाने तालमीत गाऊनही पाहिली. शूबर्टच्या मूळ 'लिंडेनबाउम'मधलं वादळाचं कडवं मात्र अडलंय आणि त्याच्याच 'गुटं नाख्ट' (शुभ रात्री) या गाण्याची पहिली ओळ जागची हलायला तयार नाही. नुसती खबरबात हवी असेल तर ती एवढीच. बाकीच्यांसाठी खाली चिरफाड आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मूळ जर्मन कविता आणि तिचं गाणं घ्यायचं, सूर एकही न हलवता त्यावर इंग्रजी पद्य बसवायचं. कार्यक्रमपत्रिकेत छापतात ते भाषांतर वेगळं. ते डोळ्यांनी वाचायचं असतं. हे तोंडात बसायला लागतं. मराठीत का नाही, हा प्रश्न हमखास येतो. आमच्या वृंदात मराठी, कोकणी, मल्याळम, तमिळ सगळं बोललं जातं. सगळ्यांनी मिळून गायची भाषा इंग्रजीच. जर्मन मात्र रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांमुळे माझ्या एकट्याच्या वाट्याला आली, म्हणून हे काम माझ्या गळ्यात.

तसं चालीवर शब्द बसवणं आपल्याला नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं तेव्हापासूनच्या नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्यातरी जुन्या गाण्याचा मुखडा छापलेला दिसेल. आधी चाल, मग शब्द. पण तिथे आपण मात्रा मोजतो. मात्रा जुळल्या की कुठलं अक्षर समेवर आलं याची फारशी कुणी तक्रार करत नाही, ऱ्हस्व अक्षर गाताना लांबलं तरी चालतं. इंग्रजी कान आघात मोजतो. 'अबाउट'मधला 'अ' जोराच्या ठोक्यावर आला की अक्षरं बरोबर असूनही ओळ मेली. मराठी कानाला ही गडबड पटकन ऐकू येत नाही, आणि खरी मेहनत तिथेच आहे. माझी युक्ती साधी आहे: चाल बाजूला ठेवायची, ओळ बोलल्यासारखी बोलायची आणि हाताने मात्र गाण्याचे ठोके द्यायचे. हात एकीकडे आणि जीभ दुसरीकडे गेली की ओळ खोडायची, ती कितीही सुंदर असो.

आता शूमान. कविता जर्मन कवी हाइनेची, १८२३ साली पुस्तकात आलेली. गाणं १८४० मधलं, 'लांगझाम, त्सार्ट', म्हणजे संथ आणि हळुवार. दोन कडवी, दोन्हींना एकच चाल. पहिली ओळ 'इम वुंडरशोनेन मोनाट माय' खणखणीत एका अक्षरावर संपते, पुढच्या तिन्ही ओळी शेवटी आघात नसलेलं अक्षर, म्हणजे शेपूट, असलेल्या शब्दांवर: श्प्रांगेन, हेर्त्सेन, आउफगेगांगेन. जर्मनला हे फुकट मिळतं, कारण निम्मी क्रियापदं आणि अनेकवचनं 'एन'वर संपतात. इंग्रजीचे प्रत्यय कधीच झडून गेले. मग भाषांतरकार 'इंग'ला शरण जातो, आणि 'इंग'चा मारा जास्त झाला की गाणं रेडिओवरच्या साबणाच्या जाहिरातीसारखं वाटायला लागतं.

या गाण्याचा शेवट आधी सोडवायला हवा, कारण सगळा जीव तिथे आहे. शेवटच्या दोन ओळींत गायकाचा सूर पायरी पायरीने वर चढतो, शब्द येतात 'माइन झेनेन उंड फेरलांगेन', आणि मग पियानो एकटाच पुढे जाऊन अशा स्वरमेळावर थांबतो की जो कुठेच उतरत नाही. गाणं संपतं, पण मिटत नाही. म्हणजे 'फेरलांगेन'च्या जागी ओढ सांगणाराच शब्द हवा, दुसरा चालणार नाही. 'लाँगिंग' तिथे हातमोज्यासारखा नीट बसतो: दोन अक्षरं, आघात पहिल्यावर, स्वर मोकळा, शिवाय 'लांग'चा नादसुद्धा जवळजवळ तोच. अडचण यमकाची. 'लाँगिंग'शी जुळणारे शब्द मिळतात 'बिलाँगिंग', 'थ्राँगिंग', 'प्रोलाँगिंग' असले. जुन्या भाषांतरांत पक्षी कारण नसताना 'थ्राँग' करताना दिसले तर समजा की बिचाऱ्याला यमक हवं होतं. मी यमक सोडलं आणि नुसता नाद ठेवला:

व्हेन ऑल द बर्ड्स वेअर कॉलिंग,
आय टोल्ड हर व्हॉट आय कॅरीड,
माय यर्निंग अँड माय लाँगिंग.

'कॉलिंग' आणि 'लाँगिंग' कागदावर जुळत नाहीत, संथ गाताना कान माफ करतो. शेवटच्या ओळीत 'अँड' जोराच्या जागेवर येतो म्हणून कुणी बोट ठेवेल, पण मूळ ओळीतही तिथे 'उंड' (आणि) हाच शब्द आहे, आणि त्या 'उंड'चं शूमानने काय करायचं ते केलेलं आहे. पहिल्या कडव्यात पक्कं यमक मिळालं:

इट वॉज द लव्हली मंथ ऑफ मे,
व्हेन ऑल द बड्स वेअर ब्रेकिंग,
अँड इन माय हार्ट, अनबिडन,
अ लव्ह वॉज स्लोली वेकिंग.

'अनबिडन' माझी भर आहे, हाइनेकडे ती नाही. ठेवायची की नाही यावर मन अजून डळमळतं. पण त्या जागी सूर चढत असतो आणि 'विदिन माय बोझम' छापाचं काही घालण्यापेक्षा ही भर बरी.

न्यूझीलंडचे पीटर लो यांनी या कामाला पेंटॅथलॉनची उपमा दिली आहे. गेयता, अर्थ, सहजता, लय आणि यमक असे पाच खेळ, आणि प्रत्येकात पहिलं न येता एकूण गुणांवर जिंकायचं. मला हे पटतं, फक्त माझ्या वहीत पाचांचे गुण सारखे नाहीत. यमकाला सगळ्यांत कमी. बोलताना जी ओळ कुणीही माणूस तशी उच्चारणार नाही, ती यमकासाठी वाकवलेली ओळ मला गाताना लाज आणते.

अर्थात वाकलेल्या ओळीही दोनशे वर्षं टिकतात, हेही खरं. हायडनच्या 'क्रिएशन' या मोठ्या वृंदगानाची संहिता मुळात इंग्रजीतून आली, फान स्वीटन यांनी तिचं जर्मन केलं, आणि मग त्यांनीच ते शब्द पुन्हा इंग्रजीत बसवले; १८०० साली संगीत दोन्ही भाषांत छापून निघालं. त्यातली प्रसिद्ध ओळ म्हणते, 'द वंडर ऑफ हिज वर्क्स डिस्प्लेज द फर्ममेंट'. कोण कुणाला दाखवतंय? आकाश त्याच्या कामाची थोरवी दाखवतंय, पण इंग्रजी वाक्यरचनेने उलटंच करून ठेवलंय. जर्मनमध्ये कर्ता शेवटी गेला तरी बिघडत नाही, इंग्रजीत बिघडतं. तरी जगभरचे वृंद ही ओळ छाती भरून गातात, कारण त्यामागचं संगीत कुणाला विचार करू देत नाही.

उलट उदाहरण ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम' या मृतांच्या स्मरणार्थ रचलेल्या वृंदगानातलं. चौथ्या भागाचे शब्द ८४व्या स्तोत्रातले. राजा जेम्सच्या इंग्रजी बायबलात तिथे 'हाउ एमिएबल आर दाय टॅबरनॅकल्स' आहे. गाऊन बघा, जिभेची गाठ पडते. गाण्यासाठी रूढ झालं ते 'हाउ लव्हली इज दाय ड्वेलिंग प्लेस', आणि आज कित्येक इंग्रजी वृंदांना हे मूळ जर्मन आहे हे सांगावं लागतं. ज्याने कुणी 'लव्हली' हा साधा शब्द तिथे ठेवला त्याला माझा नमस्कार.

आपल्यासारख्या हौशी लोकांचे मूळपुरुष म्हणजे फिलाडेल्फियाचे हेन्री ड्रिंकर (१८८०–१९६५). पेशाने वकील. घरी गाणाऱ्यांना जमवून बाख-ब्राम्स गायचे, आणि जमलेल्यांना जर्मन येत नाही म्हणून स्वतःच भाषांतरं करायला बसले. बाखचे कांटाटा, शूबर्ट, शूमान, ब्राम्स, वोल्फ असा ढीग उपसला. मूळ सुरांना ते हात लावत नाहीत, त्यामुळे ओळी कधी कधी ताठ होतात. पण गाऊन पाहिल्या की कळतं की हा माणूस रोज गाणाऱ्यांमध्ये उभा राहिलेला आहे.

दुसरे फॉक्स स्ट्रँगवेज. शूबर्टच्या गाण्यांची इंग्रजी भाषांतरं त्यांनी गायक स्टुअर्ट विल्सन यांच्यासोबत केली. आपल्याकडच्या संगीतवाल्यांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं: १९१४ साली निघालेलं 'द म्युझिक ऑफ हिंदोस्तान' यांचंच. आधी हिंदुस्थानात फिरून इथलं गाणं कानात भरून घेतलं आणि पुढे जर्मन गाण्यांना इंग्रजी शब्द दिले. एकाच माणसाने दोन्ही केलं याचं मला अप्रूप वाटतं.

'लिंडेनबाउम'कडे येतो. विल्हेल्म म्यूलरची कविता, शूबर्टने १८२७ साली 'विंटरराइज' (हिवाळ्यातला प्रवास) या गीतमालिकेत पाचव्या क्रमांकावर घेतली. म्यूलर त्याच वर्षी, तेहतिसावं पूर्ण व्हायच्या आत गेला. पुढे ट्यूबिंगेनच्या फ्रीडरिश झिल्शरने १८४६ मध्ये शूबर्टची धून साधी करून पुरुषांच्या चार आवाजांसाठी मांडली आणि ते जवळजवळ लोकगीतच झालं. आम्ही मिश्र आवाजांची मांडणी गातो.

झिल्शरकडे तिन्ही कडव्यांना एकच चाल, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याचा शेवट अगदी त्याच सुरांवर येतो. दुसऱ्याचा शेवट: 'हिअर फिंड्स्ट डू डाइनं रू', इथे तुला विसावा मिळेल, असं झाड म्हणतं. तिसऱ्याचा: 'डू फेंडेस्ट रूअं डोर्ट', तिथे मिळाला असता. 'रू' या शब्दाला 'रेस्ट' किंवा 'पीस' हे दोन सरळ पर्याय आहेत, आणि वृंदासाठी शेवटच्या लांब सुरावर दोन्ही वाईट. एकटा गायक 'स' नीट संपवतो. वीसजण एकत्र आले की प्रत्येकाचा 'स' वेगळ्या क्षणी सुटतो आणि सभागृहात फुसफुस ऐकू येते. म्हणून 'रेस्ट' ओळीच्या आत सरकवला:

युअर रेस्ट इज वेटिंग हिअर.
युअर रेस्ट इज वेटिंग देअर.

दोन कडव्यांत एकच शब्द बदलला. झाड बोलवत होतं तेव्हा 'हिअर', माणूस दूर निघून गेल्यावर 'देअर'. जर्मनमधला 'असता' गेला खरा, पण झाडाचं बोलावणं अजून उघडंच आहे, हा अर्थ राहिला.

झाडावर शब्द कोरायच्या ओळीला माझ्याकडे दोन पर्याय होते. एक होता 'आय कट द वर्ड्स आय चेरिश्ड मोस्ट डीपली इन इट्स बार्क'. वाचताना छान, पण 'चेरिश्ड'नंतर चालीची ओळ संपते. आमच्या आल्टोतली (बायकांच्या खालच्या आवाजातली) एक मुलगी म्हणाली, "काका, इथे श्वास घ्यायचा ना? मग पुढे ऐकू येतं 'मोस्ट डीपली इन इट्स बार्क'. तो प्रेमात आहे की झाड तोडतोय?" सगळा वृंद हसला आणि पर्याय दुसरा कायम झाला: 'आय कार्व्ड अपॉन द बार्क देअर / सो मेनी अ टेंडर वर्ड'. गाण्यात स्वल्पविराम छापलेला नसला तरी श्वास तो घालतोच.

शूबर्टच्या मूळ गाण्यात 'गार वारा तोंडावर आला' हे कडवं निराळ्या, खवळलेल्या संगीतावर येतं. झिल्शरला चाललेली गोडगोड ओळ इथे चालत नाही. शेवटचा शब्द 'निश्ट', ठाम नकार, तोंडावर दार आपटल्यासारखं बंद होणारं अक्षर. एक मसुदा असा:

द कोल्ड विंड लेप्ट टू मीट मी
अलाँग द ओपन ट्रॅक;
इट टोअर माय हॅट अँड फ्लंग इट;
आय नेव्हर वन्स लुक्ट बॅक.

शेवट हवा तसा आपटतो. पण 'आंगेझिश्ट', म्हणजे चेहरा, गेला आणि कुठून तरी रस्ता आला. चेहरा ठेवायचा तर 'ब्लू स्ट्रेट इन्टू माय फेस' आणि मग 'आय डिड नॉट स्लो माय पेस'. वळला नाही याऐवजी थबकला नाही. म्यूलरचा माणूस वळून बघत नाही, यावर पुढचं सगळं उभं आहे. नंतर तो आवाज त्याला इतक्या तासांवरूनही ऐकू येत राहतो. त्यामुळे सध्या 'बॅक'कडे कल आहे, पण बेसवाले, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजात गाणारे पुरुष, 'फेस'वर अडून बसलेत.

'विंटरराइज'मधल्याच 'गुटं नाख्ट'मध्ये पहिलाच शब्द 'फ्रेम्ड', परका. तो ओळीतल्या वरच्या सुरावर येतो आणि तिथून चाल खाली उतरते. इंग्रजीत 'अ स्ट्रेंजर' लिहिलं की त्या वरच्या सुरावर बिचारा 'अ' जाऊन बसतो. 'स्ट्रेंज' एकटा ठेवला तर अर्थ विचित्र होतो. 'अननोन आय केम अमंग यू' हा सध्याचा मसुदा, त्यात 'अन'वर थोडा तरी जोर मिळतो. पण म्यूलर दुसऱ्या ओळीत 'फ्रेम्ड' पुन्हा आणतो, आणि 'अननोन' दोनदा गाताना कानाला फॉर्म भरल्यासारखं वाटतं. एका अक्षराचा, आघात पेलणारा, परकेपणा सांगणारा शब्द कुणाकडे असेल तर पाठवा. 'लोन' आणि 'लॉस्ट' दोन्ही तपासून खोडले आहेत.