सोचा नदी उगमापासून समुद्रापर्यंत: शेवटचे चाळीस किलोमीटर जपून

"सगळा उतारच आहे," असं सोचाच्या खोऱ्यात जो तो सांगतो. आम्हाला सायकली भाड्याने देणाऱ्यानेही सांगितलं. स्लोव्हेनियातल्या आल्प्समध्ये उगम पावून इटलीत एड्रियाटिक समुद्राला मिळणारी ही १३८ किलोमीटरची नदी सायकलवर पूर्ण करायची असेल, तर सीमेवरच्या गोरित्सिया शहराच्या खाली काय वाढून ठेवलंय ते आधी वाचा.

सुरुवात वर्शिच खिंडीतून, उंची १६११ मीटर. क्रान्स्का गोराकडून २४ वळणं चढायची, त्रेंताकडे २६ उतरायची. चढावरच्या वळणांना दगडी फरसबंदी आहे, ओली असली की चाक सरकतं. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कित्येक गाडले गेले. त्यांच्या आठवणीतलं लाकडी चॅपेल वाटेतच लागतं, तिथे थांबा. उतरताना ४९व्या वळणाला उगमाचा फाटा आहे. शेवटचा टप्पा कातळाला ठोकलेली तार धरून जायचा. चपला घालून आलेले लोक तिथे रांग अडवून बसतात. कोरड्या दिवसांत पाणी कपारीत खोल जातं, मग एवढं चढून अंधार बघायचा.

बोवेच ते तोल्मिनबद्दल लिहीत नाही, सोपं आणि सुंदर आहे. पाण्याचा हिरवा-निळा रंग खराच आहे. कोबारिदचं युद्धसंग्रहालय मात्र टाळू नका. १९१५ ते १९१७ या काळात या नदीकाठी बारा लढाया झाल्या. पहिल्या अकरांत चढाई इटलीची होती. बाराव्या लढाईत, २४ ऑक्टोबर १९१७ला, ऑस्ट्रियन-जर्मन फौजांनी इथेच इटलीची फळी फोडली.

मोस्त ना सोचीच्या खाली नदीवर धरणं आणि रस्त्यावर ट्रक. सरळ रेल्वे पकडा, सायकलचं तिकीट वेगळं काढा. १९०६ सालचा हा मार्ग सोलकानला ८५ मीटरच्या दगडी कमानीवरून नदी ओलांडतो. दगडी कमानीच्या रेल्वे पुलांत एवढी मोठी कमान जगात दुसरी नाही. पण डब्यात बसून ती दिसणार कशी? उतरून काठावर जा.

१९४७च्या सीमेने गोरित्सिया शहर इटलीकडे ठेवलं आणि त्याचं एक रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियाला दिलं (स्लोव्हेनिया तेव्हा त्यातच होता). म्हणून शेजारी नोवा गोरित्सा हे नवं शहर वसवलं गेलं. स्टेशनसमोरचं सीमेचं कुंपण २००४ मध्ये निघालं. शेंगेन व्हिसा एकच पुरतो, तरी पासपोर्ट खिशात असू द्या. ऑक्टोबर २०२३पासून इटलीने या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली होती.

इथून नदीचं नाव इझोन्झो, आणि इथूनच वैताग. वरची ती नदी हीच, यावर विश्वास बसत नाही. मे महिन्यातल्या आपल्या नदीसारखं रुंद, पांढरं, गोट्यांचं पात्र. पाणी रेती-गोट्यांत मुरतं, उरलेलं साग्रादोच्या बंधाऱ्यापासून कालव्यात वळवतात. नदीकाठाने सलग वाट आम्हाला मिळाली नाही. बांधावरची कच्ची वाट मध्येच संपते, मग पुन्हा डांबरी रस्ता. दुपारनंतर समुद्रावरचा वारा तोंडावर. सपाट मैदानात असा दम निघाला की वर्शिच परवडलं! सर्वांत वाईट भाग मोनफाल्कोने-ग्रादो रस्त्यावरचा शेवटचा पूल. गाड्या कोपराला घासून जातात. सकाळी लवकर ओलांडा, नाहीतर ओलांडूच नका. मुखाचा डावा काठ बघायचा की उजवा, हे पुलाआधीच ठरवा. डाव्या काठावर इझोला देल्ला कोनाचं पक्षी अभयारण्य आहे. आमच्या मते तेच निवडावं. दुर्बीण आणि डासांचं औषध न्या. वाळूच्या किनाऱ्याची आशा धरू नका, समोर चिखल आणि बोरू आहेत.

आता पैशांचं. इटलीत सायकल सोडण्याचा 'परतावा आकार' आमच्याकडून जवळपास भाड्याइतकाच घेतला, तोही शेवटी सांगून. हा आकडा आधी लेखी घ्या. नाहीतर सायकल नोवा गोरित्सातच परत करा, गोरित्सियाहून ट्रेनने मोनफाल्कोने गाठा आणि कोनापुरती सायकल तिथे घ्या. आम्हाला पुन्हा जायचं झालं तर असंच करू. गोरित्सिया ते खालचं पिएरिस गाव सायकलवर? अजिबात नाही.