आमची वाटचाल : चावी कुणाच्या खिशात?

२०१४ पर्यंत मी सांगलीत हरभट रोडला डीटीपी करायचो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. त्या वर्षी जूनमध्ये ‘गूगल माय बिझनेस’ आलं, म्हणजे गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करायची सोय. शेजारी मोबाइल रिपेअरिंग करणारा माझा मित्र म्हणाला, "कार्ड गिऱ्हाईक एकदा छापून घेतंय. नकाशावरचं दुकान दर महिन्याला सांभाळावं लागंल." कल्पना त्याची होती, हे मी आजही नाकारत नाही; धंदा आम्ही दोघांनी पार्टनरशिपमध्ये काढला. पुढं त्यानं काय केलं तेही सांगणार आहे.

तेव्हा लिस्टिंग, म्हणजे नकाशावरची दुकानाची नोंद, व्हेरिफाय करायला पोस्टानं कार्ड यायचं, त्यावर पाच आकडी पिन. मिरजेच्या जुन्या गल्ल्यांत पत्ता म्हणजे ‘दर्ग्याच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून’. निम्मी कार्डं परत जायची. पोस्टमनमामांचा चहा हा आमच्या फर्मचा पहिला नियमित खर्च. दुसरा पिन नकाशावरचा, दुकानाची जागा दाखवणारी खूण. तो ऑफिसात बसून लावायचा नसतो. दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून, मोबाइलवर नकाशा मोठा करून लावायचा. आमची पोरं आजही उंबऱ्यावर जातात. एवढ्यासाठी पेट्रोल कशाला जाळता, म्हणून हसणारे आहेत. हसू देत.

पहिल्या गिऱ्हाइकांत मिरजेतले एक सतारमेकर चाचा होते. फोटोत चेहरा नको म्हणाले, म्हणून आम्ही आढ्याला टांगलेले भोपळे आणि जवारी लावणारे, म्हणजे सतारीची घोडी घासून सूर जुळवणारे, त्यांचे हात टिपले. आम्ही सगळी लिस्टिंगं एकाच जीमेलवर काढायचो आणि ते जीमेल पार्टनरच्या नावावर होतं. सोयीचं पडायचं. चाचांनी मात्र विचारलं, "दुकान माझं, पत्ता माझा, अन् चावी तुझ्या खिशात?" त्यांच्यासाठी वेगळं खातं काढावं लागलं. पासवर्ड त्यांनी तारांच्या हिशेबाच्या वहीत उर्दूत लिहिला. आम्ही बाहेर येऊन हसलो होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं ऑफिस तळमजल्यावर. दोन सीपीयू, प्लॉटर, बिलबुकं, सगळं चिखलात. गणपती पेठेतली, मारुती चौकातली गिऱ्हाइकं स्वतःच बुडालेली, त्यांच्याकडं उधारी कुठल्या तोंडानं मागायची? त्याच महिन्यात पार्टनरनं फोन उचलणं बंद केलं. दिवाळीच्या आधी त्यानं स्वतःची एजन्सी काढल्याचं कळलं. आमची ६२ लिस्टिंगं होती, त्यातली ६१ त्याच्या जीमेलवर. चाचांचं तेवढं राहिलं.

गिऱ्हाइकांना त्यानं सांगितलं की आमचा डेटा पुरात गेला. अहो, गूगलचा डेटा हरभट रोडला असतो काय? पण लोकांना पटलं. वर ‘पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी’. दुकानाच्या नावापुढं ‘बेस्ट इन सांगली’ जोडायचं, रिव्ह्यू विकत आणायचे. मिरजेच्या एका हाडांच्या दवाखान्याला तारे देणाऱ्यांनी त्याच दिवशी लखनौच्या सलूनलाही तारे दिलेले मी स्वतः बघितलेत. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, निम्म्याहून जास्त बिलिंग देणारं, त्याच्याकडं गेलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. हे लिहू नका असं ती म्हणाली होती.

मग दारोदार फिरलो. गूगलकडं मालकीची मागणी करायची, समोरच्यानं नाकारली की अपील, सोबत बोर्डाचा फोटो आणि शॉप अ‍ॅक्टचं लायसन. बोर्डावर एक नाव, लायसनवर दुसरं, ही आपल्याकडची जुनी खोड. तिथं अर्ज अडकायचे. आमच्याच जुन्या कोरल फायलींवरून मी अकरा दुकानांचे बोर्ड फुकट बदलून दिले. फेब्रुवारीपर्यंत ३८ परत आली आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. संपलो असं वाटलं. पण दुकानांच्या वेळा बदलल्याचे आदेश रात्री यायचे, आणि सकाळी सातच्या आत नकाशावरची वेळ बदलणारं माणूस प्रत्येकाला पाहिजे होतं. तेव्हापासून महिन्याचं ५०० रुपयांचं गिऱ्हाईक हाच आमचा धंदा. २०२१ नंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही, ठीक चाललंय.

या लाइनीत येणाऱ्या पोरांना, विचारलं नसलं तरी, सांगतो. जाहिरातीचा पैसा गिऱ्हाइकाच्या कार्डावरून कटू द्या, आपल्या खात्यात घेऊ नका, नाहीतर आपली मजुरी कुठली आणि त्यांचं बजेट कुठलं हे वर्षअखेरीला सीएलाही सांगता येत नाही. डॉक्टरांची ‘खात्रीशीर उपचार’ छाप जाहिरात करू नका. पेशंट ओढणारी जाहिरात त्यांना २००२ च्या नियमांनी बंद आहे आणि नोटीस त्यांना येते, तुम्हाला नाही. मिरजेत निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टर, म्हणून आम्ही ओपीडीची वेळ, पार्किंग आणि रस्ता एवढंच लिहितो. आणि सांगलीत संस्थानचा सरकारी गणपती पाचव्या दिवशी विसर्जनाला निघतो, त्या दिवसाच्या वेळा आधीच टाकून ठेवा. बाहेरच्या एजन्सीला हे ठाऊकच नसतं.

चाचा अजून दर एक तारखेला रोख देतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी त्यांच्या लिस्टिंगवर ते लिहायला गेलो. वही उघडून पासवर्ड त्यांनीच टाकला, माझ्याकडं पाठ करून.

एक लिस्टिंग मात्र अजून त्या जुन्या पार्टनरकडं आहे. आमचं स्वतःचं. त्यावर हरभट रोडचा जुना पत्ता आणि त्याचा मोबाइल नंबर. आम्ही विश्रामबागला आलो त्याला पाच वर्षं झाली. तीनदा मागणी केली, तीनदा नाकारली. नकाशा बघून कुणी जुन्या जागेवर गेलंच, तर तिथला चप्पलवाला त्यांना रिक्षात बसवून आमच्याकडं पाठवतो.