भट्टीचा आकडा हलेना

शिरोली एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमधून (धातू तापवून-थंड करून कडक करणारा कारखाना) सकाळीच फोन आला: “साहेब, भट्टी ट्रिप झालीया, पण आकडा ८४२ वरनं हलंना झालाय. बघा की जरा.”

सेट पॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, ८५० अंश. कंट्रोलरला ८४२ दिसत होते, म्हणून तो हीटर चालूच ठेवत होता आणि आत तापमान चढत होतं. तापमान हद्दीबाहेर गेलं की भट्टी बंद पाडणारा स्वतंत्र ओव्हर-टेंपरेचर कटआउट होता म्हणून माल वाचला. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बदलूनही फरक नव्हता.

कंट्रोलर बोर्डावरचा सी भाषेतला कोड उघडला. लूपमधून बोलावलेल्या फंक्शनमध्ये ‘इंट टेंप;’, खाली ‘रीड_टेंप(&टेंप);’ (टेंपचा पत्ता देऊन त्यात वाचन भरून घेणं) आणि लगेच टेंप पुढे पाठवलेला. रीड_टेंप दुसऱ्या फाइलीत. एडीसीकडून (सेन्सरच्या सिग्नलचा आकडा करणारी चिप) १०० मिलिसेकंदांत डेटा आला नाही तर ते टेंपला हात न लावता एरर कोड देऊन परततं. तो कोड कुणी बघतच नव्हतं. हीटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या विद्युत नॉइजने एडीसी अडकला की पुढचं प्रत्येक वाचन टाइमआउट.

सीमध्ये ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल आपोआप शून्य होतात, फंक्शनच्या आतलं साधं लोकल होत नाही. स्टॅकवरच्या (फंक्शनांना तात्पुरती मिळणारी मेमरी) त्या जागेत आधीचं जे उरलं असेल तेच हाती येतं. इथे दर फेरीत टेंपला तीच जागा मिळत होती आणि मधल्या कुठल्याच फंक्शनने ती पुसलेली नव्हती, त्यामुळे शेवटचं खरं वाचन तिथेच पडून. कचरा म्हणजे अचाट आकडा असं आपण धरून चालतो. हा कचरा अगदी पटण्यासारखा होता. लूपमध्ये प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) घातला की आकडा बदलायचा, कारण प्रिंटएफ तीच जागा वापरून जायचा.

जीसीसी या कंपायलरचा इशारे देणारा ‘-डब्ल्यूऑल’ पर्याय गप्प होता. पत्ता दुसऱ्या फाइलीतल्या फंक्शनला दिला की ते त्यात लिहील असंच कंपायलर समजतो. तपासणीपुरत्या दोन्ही फाइली एकत्र करून क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा स्टॅटिक अ‍ॅनालायझर (कोड न चालवता तपासणारं साधन) चालवला. त्याने अख्खी वाट दाखवली: टाइमआउटची अट खरी धरली, फंक्शन ‘*टेंप’मध्ये न लिहिताच परतलं, पुढच्या कॉलला तीच किंमत गेली. खात्रीसाठी जीसीसी १२ पासून असलेला ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=पॅटर्न’ लावला. तो लोकल जागा ०एक्सएफई बाइटने भरतो. वाचन तोडल्याबरोबर आकडा -१६८४३०१०, म्हणजे तेच बाइट.

‘इंट टेंप = ०;’ लिहून मोकळं होणं इथे घातकच ठरलं असतं. अ‍ॅनालायझरचा इशारा मिटतो, पण शून्य अंश दिसल्यावर कंट्रोलर भट्टी पूर्ण ताकदीने तापवणार. म्हणून एरर कोड तपासला, सलग तीन चुकांनंतर हीटर बंद, अलार्म चालू आणि एडीसी रीसेट. रीड_टेंपला ‘वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट’ अ‍ॅट्रिब्यूट (परत आलेला कोड न वापरल्यास इशारा) लावलं, इशारा आला की बिल्ड थांबेल असं केलं. पहिल्याच बिल्डला क्वेंच टाकीच्या (तापलेला माल बुडवून थंड करायची टाकी) फाइलीत तशीच ओळ सापडली.