खुरीच्या रस्त्यावर वाळूत बसलेली बोलेरो

पहाटे साडेपाचला जैसलमेर सोडलं. बोलेरोत पुण्याचे चार पक्षीनिरीक्षक. गाडी आणि वाट दोन्ही माझ्याकडे. डेझर्ट नॅशनल पार्कात, सुदासरीला दोन माळढोक दिसले, दुर्बिणीतूनही करंगळीएवढे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात हेलपाटे घालून हात हलवत परतलेल्यांना तेवढंही पुष्कळ होतं.

खुरीच्या अलीकडे समोरून ट्रक आला. अरुंद डांबरी, त्यावर वाऱ्याने आणलेली वाळू. डावी चाकं खाली उतरवली आणि ती बसलीच. मग सगळे करतात तीच चूक माझ्याही पायाने केली: ॲक्सिलरेटर दाबला. जागेवर फिरणारं चाक वाळू मागे फेकत स्वतःचाच खड्डा खणतं. बोलेरोला जोर मागच्या चाकांचा, आणि डाव्या-उजव्या चाकांत तो जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलमुळे मोकळं फिरतं तेच चाक फिरत राहतं. डांबरावरचं उजवं ढिम्म.

सगळ्यांना उतरवलं. एक्सलखालची वाळू आधी काढली, नाहीतर गाडी पोटावर टेकून राहते. मग चाकांपुढे हातभर उतार केला. जॅक लावायचा तर खाली फळी हवी, नाहीतर जॅकच वाळूत जातो. फळी होती, पण लागली नाही. काम केलं ते हवेने. व्हॉल्व्हची पिन दाबून चारही टायर ३२ पीएसआयवरून १८ वर आणले. टायर चपटा होऊन लांबट टेकतो, उंटाच्या तळव्यासारखा. तापलेल्या टायरचा आकडा तीन-चारने जास्तच दिसतो, हे धरून चालायचं; हवा फार उतरवली तर वळणावर टायर रिमवरून निसटतो. पायाखालचे रबरी मॅट मागच्या चाकांपुढे, स्टिअरिंग सरळ, दुसरा गिअर, क्लच हळू. मागे कोणाला उभं राहू दिलं नाही, कारण मॅट चाकाखालून गोळीसारखे सुटतात. दुसऱ्या प्रयत्नात निघाली.

खरा वेळ खाल्ला तो हवा परत भरण्याने. कमी हवेवर डांबरावर पळवली की टायरची बाजू तापून फाटते, म्हणून भरणं भागच. पंप लायटरच्या सॉकेटला लावला, फ्यूज उडाला. मग थेट बॅटरीला चिमटे, इंजिन चालू. टायरमागे आठ मिनिटं, मध्ये पंप गार होऊ देणं वेगळं.

आकलच्या जीवाश्म उद्यानात पोचायला दुपार कलली. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके, लोखंडी जाळीखाली. लाकडाच्या रेघा बघायला वाकलो, तर बाहीतून अजून वाळू गळत होती.