छान आहे, पण लिहिलंय काय?

"छान आहे गं ताई, पण लिहिलंय काय?"

धाकट्या भावाने कार्ड हात लांब करून धरलं, मग जवळ आणलं. दोन तास खपून मी झाफिनो या वळणदार इंग्रजी फॉन्टमध्ये नाव लावलं होतं. तेही सगळं कॅपिटलमध्ये! प्रत्येक अक्षर आपली लांबलचक शेपटी मिरवत शेजाऱ्याच्या अंगावर पडलेलं. पहिलं अक्षर एस आहे की एल, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

राग आला. खरं सांगायचं तर त्याच्यावर नाही, स्वतःवर.

जर्मन अक्षररचनाकार हर्मन झाप्फ यांच्या १९४४ च्या वहीतली ही वळणं. त्यांचा फॉन्ट व्हायला १९९८ उजाडलं. हाताने लिहिताना एकच अक्षर दर वेळी थोडं वेगळं उतरतं, म्हणून यात एकेका अक्षराची अनेक रूपं दिलीत. फॉन्टचं नावच त्यात टाइप केलं, तर सगळा शब्द मिळून एकच जोडाक्षर होतो. (हा खेळ मी तासभर खेळलेय.)

शेवटी पहिलंच अक्षर तेवढं कॅपिटल ठेवलं, बाकीची लहान. ओळींत भरपूर जागा सोडली, नाहीतर वरच्या ओळीच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसतात. तारीख आणि पत्ता साध्या, सरळ फॉन्टमध्ये.

भावाने नाव एका दमात वाचलं. वर म्हणाला, "आधीचं जास्त भारी दिसत होतं."

आता याला काय म्हणावं?